दोरीचा पीळ धरून डीएनएची प्रत समजून घेऊ

लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूरकडची पोरं खोली करून राहतात, मेसचा डबा खातात, पहाटे उठून पाठांतर करतात. डीएनएच्या प्रतिकरणाचा धडा आला की वहीत एक तक्ता उतरवतात. हेलिकेज पदर उघडतं, प्रायमेज प्रायमर बनवतं, पॉलिमरेज साखळी वाढवतं, लायगेज सांधतं. तक्ता कुणाचाच चुकत नाही. पण ‘लायगेज बंद पडलं तर पेशीत काय साठेल?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

ही विकरं, म्हणजे पेशीतली एकेक रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं, पाठ करायला घेणं, इथंच चूक होते असं माझं स्पष्ट मत आहे. यातलं प्रत्येक विकर एकेका अडचणीसाठी आहे. अडचण एकदा हाताला जाणवली की विकराचं काम सांगावं लागत नाही, फक्त नाव सांगावं लागतं. आणि ही अडचण हाताला जाणवून द्यायला दोरीसारखं दुसरं साधन नाही. पोळ्याआधी अंबाडीच्या वाखाचे कासरे आणि दावी वळताना ज्यानं पाहिलंय, त्याला पदर, पीळ, उकलणं हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. डीएनए ही दुपदरी दोरीच आहे. पुढं सांगतो ते सगळं दोन संध्याकाळींत करून होतं. नुसतं वाचून सोडू नका, दोरी खरंच हातात घ्या.

दोरी तयार करा

नायलॉनची लाल आणि पिवळी दोरी, प्रत्येकी दोन मीटर. पांढरी सुतळी. कपड्यांचे पाच-सहा चिमटे, वायरिंगची निळी चिकटपट्टी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन. एवढंच लागतं.

दोन्ही दोऱ्या शेजारी ठेवा. लाल दोरीच्या डाव्या टोकाला ‘५’ आणि उजव्या टोकाला ‘३’ अशी चिठ्ठी लावा. पिवळीला बरोबर उलट लावा, डावीकडं ‘३’ आणि उजवीकडं ‘५’. या चिठ्ठ्यांचा कंटाळा करू नका, कारण पुढची सगळी भानगड यांच्यामुळंच होते. पदर ज्या कड्यांचा बनतो त्या प्रत्येक कडीच्या, म्हणजे न्यूक्लिओटाइडच्या, मधोमध पाच कार्बनची साखर असते. तिच्या पाचव्या कार्बनवर फॉस्फेट असतं आणि तिसऱ्यावर मोकळा हायड्रॉक्सिल गट. म्हणून पदराच्या एका टोकाला ५ प्राइम म्हणतात, दुसऱ्याला ३ प्राइम. दोन पदर एकमेकांच्या उलट दिशेनं धावतात. प्रत्येक न्यूक्लिओटाइडवर ए, टी, जी, सी यांपैकी एक बेस असतो, त्यालाच आपण अक्षर म्हणू. समोर येणाऱ्या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ए समोर टी, दोन हायड्रोजन बंधांनी. जी समोर सी, तीन बंधांनी.

आता दोन्ही दोऱ्या एकमेकींभोवती वीसेक वेढे देऊन गुंडाळा. खऱ्या डीएनएत सुमारे साडेदहा जोड्यांमागं एक वेढा असतो. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण चित्रांचा तिला मोठा आधार होता. एका पदरावरून दुसरा लिहिता येतो, म्हणजे प्रत काढायची सोय रचनेतच आहे, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

उघडायचं कुठून?

पुढचं वर्णन ई. कोलाय या जिवाणूचं आहे, कारण हे यंत्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात बारकाईनं तिथंच समजलं. त्याचा डीएनए म्हणजे ४६ लाख जोड्यांचं बंद कडं. लांबी दीड मिलिमीटरच्या वर, आणि ज्या पेशीत ते मावतं ती जेमतेम दोन मायक्रोमीटरची. हे कडं वाटेल तिथून उघडत नाही. ओरि-सी नावाची ठरलेली जागा आहे. तिथं डीएनए-ए हे प्रथिन येऊन बसतं आणि शेजारचा ए-टीनं भरलेला पट्टा सैल करतं. ए-टीच का, ते आता विचारायला नको. तीनपेक्षा दोन बंध तोडणं सोपं.

दोरीच्या मध्यावर दोन बोटं घालून पदर वेगळे करा. डोळ्यासारखी फट पडेल. फटीच्या दोन्ही कोपऱ्यांना रेप्लिकेशन फोर्क म्हणतात, आणि काम दोन्हीकडं एकाच वेळी चालतं. त्या कोपऱ्यात हेलिकेज बसतं. सहा भागांची अंगठीच असते ती. एक पदर अंगठीतून ओवलेला, दुसरा बाहेर, आणि एटीपी हे पेशीचं इंधन जाळत अंगठी पुढं सरकते. तुम्ही बोटं काढून घेतली की दोन पदर पुन्हा एकमेकांना बिलगतात. पेशीतही तेच होतं, म्हणून उघड्या पदरांवर एसएसबी नावाची प्रथिनं बसतात. आपले चिमटे म्हणजे एसएसबी. दोन्ही पदरांना चिमटे लावून टाका.

पीळ जातो कुठं?

ही पायरी घाईनं उरकू नका. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधा. मोकळ्या टोकाचे लाल आणि पिवळा पदर दोन हातांत धरा आणि हात फाकवत पदर वेगळे करत जा. पहिला हातभर सहज उकलतो. मग पुढचे वेढे गजाकडं दाटायला लागतात, दोरी कडक होते, तिला मुरड पडते आणि शेवटी ती मधूनच अंग चोरून बाजूला उसळते. मागच्या वर्षी वर्गात हे करताना रेणापूरकडचा एक पोरगा इथवर गप्प बसून पाहत होता. तो उठला, कुणी न सांगता गजाची गाठ सोडली, आणि दोरी त्याच्या हातात गरगर फिरून मोकळी झाली. ‘सर, पीळ काढल्याशिवाय दावं उकलत नसतं,’ म्हणाला. टोपोआयसोमरेज शिकवायला मला याहून जास्त बोलावं लागलं नाही.

पेशीत गाठ सोडायला टोक नसतं, कारण कडं बंद आहे. म्हणून टोपोआयसोमरेज डीएनएच कापतं, पीळ जाऊ देतं आणि पुन्हा जोडतं. एक प्रकार फक्त एक पदर कापतो. दुसरा दोन्ही पदर कापून त्या फटीतून दोरीचा दुसरा भाग पार करतो आणि मग फट बुजवतो. ई. कोलायमधलं गायरेज दुसऱ्या प्रकारचं. सगळ्यात पहिलं टोपोआयसोमरेज जेम्स वांग यांनी १९७१ साली शोधलं, गायरेज मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली. आपण माणसांबद्दल म्हणतो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पेशीला मात्र पीळ घालवल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकता येत नाही.

किती पीळ, तेही मोजून बघा. फोर्क सेकंदाला सुमारे १००० जोड्या उघडतो. साडेदहानं भागा. सेकंदाला ९५ वेढे, मिनिटाला ५७०० च्या घरात. विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीवर बहुतेक वेळा २८८० आरपीएम लिहिलेलं असतं. जवळजवळ त्याच्या दुप्पट वेगानं साठणारा पीळ गायरेज काढत असतं.

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी घरात कुणीतरी कधी घेतलेली असते. ती याच विकराला धरते. गायरेज डीएनए कापून बसलेलं असताना औषध त्याला तिथंच जखडतं, कापलेली टोकं सांधली जात नाहीत आणि जिवाणू मरतो. आपलं टोपोआयसोमरेज घडणीनं पुरेसं वेगळं आहे, म्हणून आपण वाचतो. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यातलं कॅम्प्टोथेसिन आपल्या पेशीतल्या पहिल्या प्रकारच्या टोपोआयसोमरेजला असंच अडकवून ठेवतं, आणि त्यापासून तयार केलेली औषधं कर्करोगावर वापरली जातात.

पॉलिमरेजची दोन बंधनं

सगळा धडा विसरलात तरी चालेल, पण ही दोन वाक्यं सोडू नका. डीएनए पॉलिमरेजला शून्यातून सुरुवात करता येत नाही, आधीच असलेल्या टोकालाच ते पुढचं अक्षर जोडतं. आणि ते फक्त ३ प्राइम टोकाला जोडतं, म्हणजे नवी साखळी ५ कडून ३ कडंच वाढते. प्रायमेज, ओकाझाकी तुकडे, लायगेज, टेलोमरेज हे सगळे या दोन बंधनांच्या पोटातून आलेत.

पण बंधनं आहेतच कशाला? इतक्या काळाच्या उत्क्रांतीत दोन्ही दिशांना चालणारं विकर का झालं नाही? याचं उत्तर कळलं तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला होता. येणारं न्यूक्लिओटाइड आपल्यासोबत तीन फॉस्फेट आणतं. जोडणी होताना त्यातली दोन सुटतात, आणि त्याच ऊर्जेवर जोडणी होते. म्हणजे शिदोरी येणाऱ्याकडं असते, साखळीच्या टोकाकडं नसते. आता समजा चुकीचं अक्षर बसलं. पॉलिमरेज एक पाऊल मागं येतं, ते अक्षर तोडून टाकतं, आणि साखळीचं टोक पहिल्यासारखंच कामाचं राहतं. पुढचं अक्षर आपली शिदोरी घेऊन येतंच. साखळी उलट्या दिशेनं वाढत असती तर ती शिदोरी साखळीच्या टोकावर असती. चुकीचं अक्षर तोडलं की तीही गेली असती आणि साखळी तिथंच अडली असती. एका दिशेचं बंधन पाळलं म्हणून चूक खोडायची सोय झाली.

पहिलं बंधनही याच काळजीतून आलंय. मागची जोडी नीट बसली आहे का हे बघूनच पॉलिमरेज पुढची बसवतं. मागं काहीच नसेल तर तपासायचं काय? म्हणून सुरुवात दुसऱ्याकडून करून घेतात. प्रायमेज आरएनएचा, म्हणजे डीएनएच्याच जातीच्या पण थोड्या वेगळ्या रेणूचा, दहाएक अक्षरांचा छोटा तुकडा मांडतं, तोच प्रायमर. तो आरएनएचा असल्यामुळं नंतर ओळखू येतो आणि काढून टाकता येतो. आपल्या दोरीवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, झाला प्रायमर.

सरळ पदर आणि मागचा पदर

फोर्क उजवीकडं उघडतोय असं धरा. दोन पदरांपैकी ज्याचं ३ प्राइम टोक फोर्कच्या उघड्या बाजूला, म्हणजे डावीकडं आहे, तो साचा म्हणून सोपा. आपल्या दोरीत तो पिवळा. त्याच्यावर पांढरी सुतळी डावीकडून उजवीकडं मांडत जा. नवी साखळी ५ कडून ३ कडं वाढतेय आणि फोर्कही तिकडंच पळतोय. एक प्रायमर पुरतो. ही लीडिंग साखळी. काम करणारं विकर पॉलिमरेज तीन. त्याला एक कडीसारखं प्रथिन डीएनएला धरून ठेवतं, नाहीतर ते थोडी अक्षरं जोडून गळून पडलं असतं.

लाल पदरावर मात्र पंचाईत होते. तिथं पॉलिमरेजला उजवीकडून डावीकडंच जाता येतं, आणि रान उघडतंय उजवीकडं. पडीक जमीन मोडायला घेतली आहे असं समजा. एक गडी झुडपं तोडत पूर्वेकडं चाललाय. त्याच्यामागं दोन नांगर आहेत. एक पूर्वेकडं तोंड करून बिनबोभाट त्याच्या मागोमाग जातो. दुसऱ्यानं फक्त पश्चिमेकडं तास घ्यायचे ठरलंय, आणि बैल मागं चालून नांगरत नाहीत. मग दुसरा काय करणार? थोडं रान मोकळं होईपर्यंत थांबेल, नांगर उचलून पुढच्या कडेला नेईल, तिथून आधीच्या नांगरटीपर्यंत मागं येईल, आणि परत नांगर उचलेल. लॅगिंग साखळी अशीच तुकड्या-तुकड्यांनी होते, आणि दर तुकड्याला नवा प्रायमर लागतो. जिवाणूत एक तुकडा १००० ते २००० अक्षरांचा असतो, आपल्या पेशींत १०० ते २०० चा.

हे तुकडे जपानमध्ये नागोया इथं रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतिपत्नींनी दाखवून दिले. त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९६८ चा. रेइजी मूळचे हिरोशिमाचे. १९७५ साली ल्युकेमियानं ते वारले, वय जेमतेम ४४. त्सुनेकोंनी काम पुढं चालू ठेवलं, आणि तुकड्याच्या सुरुवातीला आरएनएचा प्रायमर असतो हे पक्कं करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पोरांना मी हे आवर्जून सांगतो, कारण परीक्षेत ‘ओकाझाकी’ हे नुसतं चार पर्यायांतलं एक नाव उरतं.

नांगराच्या दाखल्यात एक उणं आहे, तेही सांगायला हवं. पेशीत दोन पॉलिमरेज दोन वाटांनी जात नाहीत. ती एकाच यंत्रात एकमेकांना बांधलेली असतात आणि फोर्कबरोबर एकत्रच पुढं जातात. हे कसं जमतं ते बघायला लाल पदराचा एक फास करा आणि तो मागं वळवून पिवळ्याच्या शेजारी आणा. फासात लाल पदराची दिशा उलटी होते, आणि दोन्ही हात एकाच बाजूला सरकत काम करू शकतात. तुकडा पुरा झाला की फास सोडायचा, नवा करायचा. दोन-तीनदा करून बघा. चित्रात जे महिनाभर कळत नाही ते इथं बोटांना कळतं.

प्रायमर काढणं आणि सांधणं

लाल पदरावर आता पांढऱ्या सुतळीचे तुकडे आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला निळी पट्टी. पॉलिमरेज एक मागच्या तुकड्याच्या टोकावरून येतं, पुढची निळी पट्टी खरवडत जातं आणि तिच्या जागी डीएनए भरतं. पण शेवटी दोन तुकड्यांमध्ये एक चीर उरते. अक्षरं सगळी जागेवर, फक्त कण्याची एक कडी तुटलेली. ती लायगेज सांधतं. आता सुरुवातीचा प्रश्न तुमचा तुम्हीच सोडवा. लायगेज बंद पडलं तर ओकाझाकी तुकडेच तुकडे साठतील. अशी उत्परिवर्तित जिवाणू-वाणं खरंच आहेत आणि त्यांच्यात हेच दिसतं.

पॉलिमरेज एक हे सगळ्यात आधी सापडलेलं, आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, १९५६ च्या सुमारास. १९५९ चं नोबेल त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासोबत मिळालं. पुढं १९६९ साली जॉन केर्न्स आणि पॉला डी ल्युसिया यांना असा ई. कोलाय मिळाला, ज्यात हे विकर जवळपास नव्हतंच, तरी तो वाढत होता. फक्त अतिनील किरणांपुढं तो लवकर मरायचा. मुख्य प्रत काढणारं विकर दुसरंच आहे आणि पॉलिमरेज एकचं काम डागडुजीचं आहे, हे तिथून उलगडत गेलं.

चुकांचं सांगायचं तर नुसती जोडणी लाखात एखादी चूक करते. मागं येऊन खोडण्यानं ती शंभरपट कमी होते. प्रत निघाल्यावर दुसरी दुरुस्ती-यंत्रणा फिरून बघते, आणि शेवटी शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते, कधी त्याहूनही कमी.

दोन गणितं

दोरी आता टेबलावर पसरा. दोन दोऱ्या झाल्यात, आणि प्रत्येकीत एक जुना रंगीत पदर आहे, एक नवा पांढरा. हेच मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजन वापरून सिद्ध केलं. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्यावर आणले. एका पिढीनंतर सगळा डीएनए मधल्या वजनाचा, दुसऱ्या पिढीनंतर अर्धा मधला आणि अर्धा हलका. प्रवेश परीक्षेत नेहमी विचारतात, २० मिनिटांची पिढी धरून ८० मिनिटांनी काय दिसेल? चार पिढ्या, एका रेणूचे १६ रेणू. मूळचे दोन जड पदर दोनच रेणूंत असतील, उरलेले १४ हलके. मधले आणि हलके यांचं प्रमाण १ : ७.

दुसरं गणित वेळेचं. ४६ लाख जोड्या, दोन फोर्क, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख. सेकंदाला १००० प्रमाणं २३०० सेकंद, साधारण ३८ मिनिटं. मग हाच जिवाणू २० मिनिटांत दुप्पट कसा होतो? पहिली प्रत संपायच्या आत ओरि-सीवर दुसरी सुरू झालेली असते. लेक जन्मते तीच नातीची तयारी अर्धी करून.

आपल्या पेशीत

नावं बदलतात, अडचणी त्याच. पॉलिमरेज अल्फा प्रायमेजसोबत सुरुवात करून देतं, एप्सिलॉन लीडिंग बाजू सांभाळतं, डेल्टा लॅगिंग. वेग मात्र सेकंदाला पन्नासच्या आसपास. आपलं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र सुमारे २५ कोटी जोड्यांचं आहे. मध्यावर एकच जागा उघडली असती तर दोन फोर्कना २५ लाख सेकंद लागले असते, म्हणजे जवळपास महिना. पेशी हे काम आठेक तासांत उरकते, कारण संपूर्ण संचावर अशा हजारो जागा उघडतात.

आपली गुणसूत्रं कडी नाहीत, त्यांना टोकं आहेत. लाल पदराच्या अगदी शेवटचा निळा प्रायमर काढून बघा. ती जागा भरायला मागं टोकच नाही. म्हणजे दर वेळी थोडी दोरी कमी होणार. त्यासाठी टोकांना टी-टी-ए-जी-जी-जी या सहा अक्षरांच्या हजारो आवृत्त्या असतात, आणि जननपेशींत टेलोमरेज त्या वाढवत राहतं. त्यासाठीचा आरएनए साचा ते स्वतःसोबतच बाळगतं. या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना.

कळलं का, ते तपासा

२०२० नंतर पीसीआर हा शब्द गावोगाव पोचला. पीसीआर म्हणजे नळीत डीएनएच्या एका तुकड्याच्या भराभर प्रती काढायची पद्धत. आता तक्ता समोर न घेता सांगा, पीसीआरच्या नळीत यातली कुठली विकरं टाकावी लागत नाहीत आणि का?

हेलिकेज नको, कारण ९५ अंशांची उष्णता दोन्ही पदर सोडवते. गायरेज नको, कारण तापवल्यावर आखूड तुकडे टोकापर्यंत सुटे होतात, पीळ साठायला जागाच नसते. प्रायमेज नको, कारण प्रायमर तयार करून आणलेले असतात, तेही डीएनएचेच, म्हणून काढायची गरज नाही. लायगेज नको, कारण दोन्ही पदरांवर आपापला प्रायमर असतो आणि दोन्ही नव्या साखळ्या सलग होतात, तुकडे पडतच नाहीत. उरतं फक्त पॉलिमरेज. करोनाचा विषाणू आरएनएचा असल्यामुळं त्या चाचणीत आधी आरएनएवरून डीएनए लिहिणारं एक जास्तीचं विकर लागायचं, एवढाच फरक. कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ साली सुचली. त्यात वापरतात ते टॅक पॉलिमरेज गरम झऱ्यातल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं, त्यामुळं ९५ अंशांतही ते टिकतं आणि ७२ अंशांना झपाट्यानं काम करतं. दर फेरीला दुप्पट धरलं तर ३० फेऱ्यांत एका रेणूचे १०७ कोटी होतात.

पण टॅककडं मागं येऊन चूक खोडायची सोय नाही. जिथं प्रत्येक अक्षर बिनचूक हवं असतं तिथं प्रयोगशाळा पायरोकॉकस फ्युरिओसस या दुसऱ्या उष्णतेत राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं पॉलिमरेज घेतात. ते हळू चालतं, पण खोडत-खोडत चालतं.